शिवी हे मत नव्हे

सहावीत शिकणारी एक मुलगी शाळेतून घरी आली. तिने दप्तर कोपऱ्यात टाकले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून बसली. आईने दोन-तीनदा विचारले तेव्हा कुठे कळले. मधल्या सुट्टीत नळावर गर्दी होती. हिने आधी ओंजळ धरली म्हणून मागचा मुलगा हिच्यावर खेकसला. नाव घेऊन नव्हे, जात काढून. त्या जातीच्या नावालाही त्याने शेपूट लावले होते. तो शब्द आम्ही येथे छापत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने तो कधी ना कधी ऐकलेला आहे.

हा प्रसंग करमाळा तालुक्यातील जेऊरच्या एका घरातला आहे. घर कोणाचे ते सांगण्याचे कारण नाही. आई म्हणाली, "जाऊ दे बाळा, आपण लक्ष द्यायचं नाही." वडील हमालीच्या कामावरून नुकतेच आले होते. ते म्हणाले, "उद्या येतोच शाळेत, बघतो एकेकाला." आजी म्हणाली, "आमच्या वक्ताला तर मास्तरच म्हणायचे." एवढे बोलून ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. गुरुजींनी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना बोलावले. मुलगा म्हणाला, "मी नुसतं बोललो. मारलं कुठं?" त्याचे वडील म्हणाले, "जातीचंच नाव घेतलं ना? तुमच्या दाखल्यावर तेच लिहिलंय. आता बोलायची पण चोरी झाली का?"

वाचक बंधू-भगिनींनो, ही तीन वाक्ये नीट ऐका. शहरातले शिकलेले लोक याच गोष्टी 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' असा जड शब्द वापरून बोलतात. म्हणून एकेका वाक्याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते आपल्या मुलांना समजेल अशा भाषेत दिले पाहिजे.

'नुसतं बोललो'

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटायला भावंडांबरोबर निघालेला छोटा भीमराव सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरला. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आलेले नव्हते. मुलांचे कपडे नीटनेटके होते. स्टेशन मास्तर चौकशीला आला आणि सहानुभूतीने बोलू लागला. तुम्ही कोण, असे त्याने विचारले तेव्हा मुलांनी सरळपणे जात सांगितली. त्याबरोबर त्या माणसाचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. पुढे गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या स्टेशनवर कोणी शिवी दिली नव्हती. मुलांनीच एक शब्द उच्चारला होता. तरी त्या शब्दाने गाडी, पाणी आणि माणुसकी या तिन्ही गोष्टी हिरावून घेतल्या. मग तोच शब्द जेव्हा दुसरा माणूस तोंडावर फेकतो, तेव्हा तो काय सांगत असतो? 'तुझे नाव, तुझा अभ्यास, तुझी वर्गातली जागा काही मोजायची नाही. तू मागे सरक.' शिवी ही हुकूम असते. नळावर त्या मुलाने जे केले ते हेच. त्याने आपल्या मुलीला रांगेतून मागे जायला सांगितले.

आपल्या मराठीत हा हुकूम देण्याच्या रीती फार आहेत. जातीच्या नावाला 'डा' नाहीतर 'डी' लावायचे. मोठ्या आळीतला धोंडीबा, आपल्या वस्तीतला मात्र धोंड्या. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांचे पोर 'अरे' म्हणते, आणि म्हातारा त्या पोराला 'मालक' म्हणतो. यात एकही शब्द अर्वाच्य नाही. तरी कोण वर आणि कोण खाली हे दिवसातून वीसदा बजावले जाते.

सातासमुद्रापार हेच चालत होते. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक काळ्या माणसाला तो साठ वर्षांचा असला तरी 'पोरा' म्हणत. काळ्या स्त्रीला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत, तिच्या नावामागे मिस किंवा मिसेस लावत नसत. १९६३ मध्ये अलाबामा राज्यात मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्क चळवळीतील तरुण कार्यकर्ती न्यायालयात साक्षीला उभी होती. सरकारी वकील तिला 'मेरी' म्हणाला. आपल्याला 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायाधीशाने बेअदबी केली म्हणून तिला पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. ती डगमगली नाही. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली. एका हाकेसाठी ती बाई तुरुंगात गेली. 'नुसते बोलणे' इतके हलके असते तर तिने हा त्रास का घेतला असता?

'दाखल्यावर तेच लिहिलंय'

हे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. जातीचे नाव कागदावर चालते, मग तोंडात का चालत नाही?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात दिले. तेथेही आरोपीचे म्हणणे असेच होते, की आम्ही फक्त जातीचे नाव घेतले. न्यायालयाने सांगितले की शब्द कोशात काय आहे एवढेच पाहून भागत नाही. तो आज लोकांत कशासाठी वापरला जातो आणि बोलणाऱ्याचा हेतू काय आहे हे पाहावे लागते. अपमान करण्याच्या हेतूने जात काढली तर तो गुन्हा आहे. तहसील कचेरीतला कारकून दाखला लिहितो तो आपला हक्क आपल्याला मिळावा म्हणून. नळावरचा मुलगा तोच शब्द वापरतो तो हक्क काढून घ्यावा म्हणून. कागदावर आणि नळावर शब्द एक असला तरी काम दोन वेगळी आहेत.

उलट बाजूही पाहा. शब्द गोड असला म्हणजे तो सन्मानाचा होतो असेही नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्याची दुरुस्ती आली. तीत अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालण्यात येत होता. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला. आम्ही देवाची माणसे, तर मग बाकीचे कोणाचे, असा रोकडा सवाल दादासाहेब गायकवाडांनी केला. बहुमतापुढे विरोध चालला नाही तेव्हा पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. आपल्याला काय म्हणावे हे आपल्याला न विचारता ठरवू नका, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे १९८२ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले की जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' हा शब्द लिहू नये. मधे चव्वेचाळीस वर्षे गेली.

गावाच्या नकाशावरची नावेही याच प्रकारात मोडतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. पण पाटी बदलली तरी लोकांच्या तोंडातला पत्ता आपोआप बदलत नाही. तो आपण बोलूनच बदलावा लागतो. रिक्षावाल्याला, दुकानदाराला, पोस्टमनला आपण स्वतः नवे नाव सांगितले पाहिजे.

शिवी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर

येथे कोणी शंका घेईल. तुमचेच लेखक शिव्यांची नावे पुस्तकांना देतात, त्याचे काय?

गंमत अशी की आपल्या सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची दोन गावे आहेत. एक करमाळा तालुक्यातले, रेल्वे स्टेशनचे. दुसरे अक्कलकोट तालुक्यातले. या दोन्ही तालुक्यांनी मराठीला एकेक आत्मकथन दिले आणि दोन्हींची नावे म्हणजे हिणवण्याचे शब्द आहेत. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आले. बारा मासे म्हणजे एक तोळा. ज्याच्या जन्माला गाव मान्यता देत नाही तो अकरा माशांचा, म्हणजे उणा. तोच शब्द लिंबाळ्यांनी मुखपृष्ठावर छापला. त्याच लेखकाला पुढे 'सनातन' या कादंबरीसाठी २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. करमाळा तालुक्यातील नेर्ले गावचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आले. बापाच्या नावाच्या जागी त्यांनी आईचे नाव लावले आणि ते एम.बी.बी.एस. डॉक्टर झाले. २००७ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले.

या लेखकांनी शिवी उचलली, पण दुसऱ्यावर फेकण्यासाठी नव्हे. गावाने आपल्याला काय म्हटले ते त्यांनी गावालाच वाचून दाखवले. अमेरिकेत आशियाई वंशाच्या तरुणांनी आपल्या डोळ्यांवरून दिली जाणारी शिवीच आपल्या वाद्यवृंदाचे नाव म्हणून घेतली. त्या नावाची नोंदणी नाकारली गेली तेव्हा ते न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याने ते दाखवणे आणि दुसऱ्याने पुन्हा फटका मारणे या एकच गोष्टी कशा असतील?

'बोलायची पण चोरी झाली का?'

आता मुख्य प्रश्न. याचे उत्तर देताना आपण फार सावध राहिले पाहिजे. कारण बोलण्याच्या स्वातंत्र्याची गरज या देशात सर्वांत जास्त कोणाला असेल तर ती आपल्याला आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. नावातच सारे आले. ज्यांना तोंड नव्हते त्यांचा तो नायक होता. त्या काळच्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. हजारो वर्षे ज्यांच्या बोलण्यावर बंदी होती, त्यांनी दुसऱ्याचे मत बंद करा असे म्हणू नये. कोणी आरक्षणावर टीका करो, धर्मांतर पटत नाही म्हणो, आपल्या पुढाऱ्याच्या चुका काढो. ते मत आहे. मताला मताने उत्तर द्यावे, ग्रंथ काढून दाखवावा, सभा घ्यावी.

पण शिवीला उत्तर देता येत नाही. तिच्यात मुद्दाच नसतो. 'तू अमुक जातीचा' याला प्रतिवाद काय करणार? शिवी दिली की समोरच्याचे बोलणे थांबते. ग्रामसभेत एखादी बाई पाण्याचा प्रश्न विचारायला उठते आणि मागून कोणी जात काढतो. ती खाली बसते आणि पुन्हा उठत नाही. येथे स्वातंत्र्य कोणाचे गेले? शिवी देणाऱ्याचे की त्या बाईचे? म्हणून शिवी रोखणे म्हणजे बोलण्याचे स्वातंत्र्य कमी करणे नव्हे. ज्याचे बोलणे शिवीने दाबले जाते त्याला ते परत देणे आहे.

आपल्या संविधानात कलम १९ मध्ये भाषण स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच कलमात वाजवी बंधनेही सांगितली आहेत. मूलभूत हक्क कोठेच अनिर्बंध नसतात हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. जगात यावर एकमत नाही. अमेरिकेत नुसत्या वंशवाचक शिवीबद्दल सहसा तुरुंग होत नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र काळ्या पोलिसांना वंशवाचक शिव्या देणाऱ्या विकी मॉम्बर्ग या गोऱ्या बाईला २०१८ मध्ये कैदेची शिक्षा झाली. आपण मधला रस्ता घेतला आहे. २०२४ मध्ये शाजन स्कारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनुसूचित जातीच्या माणसावर केलेली प्रत्येक टीका किंवा बदनामी ॲट्रॉसिटीच्या कायद्यात येत नाही. अपमान जातीवरून झालेला असला पाहिजे. ही रेषा आपण मान्य केली पाहिजे. कायदा खऱ्या घावासाठी जपून वापरला तरच त्याची धार राहते.

कायदा काय म्हणतो

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा असून तो ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ३(१)(आर) मध्ये सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जाणूनबुजून केलेला अपमान, आणि कलम ३(१)(एस) मध्ये अशा ठिकाणी जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ हे गुन्हे ठरवले आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे हे संरक्षण आपल्याला आहे.

'सार्वजनिक दृष्टीस पडेल असे ठिकाण' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जागा खाजगी असली तरी चालते, पण बाहेरच्या लोकांनी पाहिले किंवा ऐकले पाहिजे. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेले बोलणे या कलमात बसत नाही, असे २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणून प्रसंग घडला की त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, नेमके उच्चारलेले शब्द आणि तिथे कोण कोण होते. फिर्यादीत 'शिवीगाळ केली' एवढेच मोघम लिहू देऊ नका. पोलीस ठाण्यात दाद मिळाली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. या कायद्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

पण प्रत्येक गोष्ट पोलीस ठाण्यात नेण्याची नसते. नळावरचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा आहे. तो शब्द त्याने पोटातून आणला नाही, घरातून आणला. त्याच्यासाठी शाळा हीच जागा आहे. शाळेत भेदभाव होऊ न देणे ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने घातलेली जबाबदारी आहे, आणि ती मागण्याचा प्रत्येक आईला अधिकार आहे.

आपल्या घरातले शब्द

त्या घरातली एक गोष्ट सांगायची राहिली. शाळेतून आल्यावर रात्री वडील रागाने बोलत होते. मुलगी म्हणाली, "पप्पा, परवा उसन्या पैशांवरून तुम्ही शेजारच्या वस्तीतल्या काकांना काय म्हणालात?" वडिलांनी त्या माणसाची जात काढली होती. तो समाज आपल्यापेक्षाही खाली ढकललेला. घरात कोणी बोलेना.

ॲट्रॉसिटीचा कायदा येथे लागू होत नाही, कारण बोलणाराही अनुसूचित जातीचाच. कोल्हाटी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, अनुसूचित जातींच्या नाही. म्हणजे किशोर काळ्यांना ज्या शब्दाने हिणवले त्या शब्दाविरुद्ध या कायद्याचे कवच नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले होते आणि त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तरी चोरी झाली की या लोकांच्या जातीचे नाव आपल्याही तोंडी येते. जिथे कायदा पोचत नाही तिथे धम्माने पोचले पाहिजे. अष्टांग मार्गात सम्यक वाचा आहे ती विहारात म्हणण्यापुरती नाही.

सुत्तनिपातात वसल सुत्त आहे. श्रावस्तीत अग्निक भारद्वाज नावाचा ब्राह्मण होम करत होता. भिक्षेसाठी येणाऱ्या भगवंतांना पाहून तो लांबूनच ओरडला आणि त्यांना वसल, म्हणजे नीच, म्हणाला. भगवान बुद्ध निघून गेले नाहीत आणि त्यांनी उलट शिवीही दिली नाही. त्यांनी विचारले, वसल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे काय? मग तेथेच उभे राहून त्यांनी समजावले की माणूस जन्माने नीच होत नाही, कृतीने होतो.

आईने सांगितले होते, लक्ष देऊ नको. वडिलांनी सांगितले होते, बघून घेतो. तथागतांनी तिसरी गोष्ट केली. ते थांबले आणि त्यांनी प्रश्न विचारला.

जेऊरच्या त्या शाळेत काय झाले? गुरुजींनी दोन्ही घरांना समोर बसवले. मुलाच्या वडिलांना पटले असे दिसले नाही. पण गुरुजींनी वर्गात नियम केला की प्रत्येकाने प्रत्येकाला पूर्ण नावानेच हाक मारायची, आणि त्यांनी स्वतःही हजेरी तशीच घ्यायला सुरुवात केली. तो मुलगा अजून तिच्याशी बोलत नाही. नळावर मात्र तो रांगेत आपल्या जागी उभा राहतो. वडील दुसऱ्या रविवारी शेजारच्या वस्तीत गेले आणि मुलीला बरोबर घेऊन गेले. त्या काकांना त्यांनी 'भाऊ' म्हणून हाक मारली आणि पैसे सावकाश द्या म्हणून सांगितले. परत येताना मुलीने विचारले, "पप्पा, आता शाळेत मी काय म्हणायचं?" ते म्हणाले, "तुझं नाव सांगायचं. मोठ्यानं."